फेब्रुवारीतला खोकला : शुक्रवार पेठेतल्या एका भिंतीचं प्रकरण

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी. तक्रार रात्रीच्या खोकल्याची. पहाटे तीन-चारच्या सुमारास उबळ यायची, छातीतून शिटीसारखा आवाज निघायचा, मग आई तिला उठवून बसवायची आणि उजाडेपर्यंत दोघी जाग्या. 2023 च्या फेब्रुवारीत ती माझ्याकडे आली तेव्हा आईच्या पिशवीत आधीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. वर्षभरात अँटिबायोटिकचे सहा कोर्स, दोनदा छातीचा एक्स-रे, दवाखान्यात बसवून यंत्रातून दिलेली औषधाची वाफ तर कितीदा तरी. शाळा इतकी बुडाली होती की बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं होतं.

मी कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यातला निर्णायक तपास एका गवंड्यानं केला आणि उपचारातला सगळ्यात अवघड भाग भाडेकराराचा निघाला. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निदान अवघड नव्हतं. रात्री वाढणारा कोरडा खोकला, धाप, वाफ दिली की तासाभरात उतार, आईच्या माहेरी एका मामाला लहानपणी असाच त्रास. बालदमा. घरात मात्र हा शब्द चालत नव्हता, तिथं 'कफ' होता. आजी म्हणाल्या, "दमा म्हनू नका डॉक्टर, पोरीची जात हाय." त्यामागं उद्याच्या लग्नाची काळजी होती, तिला हसण्यात अर्थ नाही. 'पंपाची सवय लागती' ही भीतीही होतीच. तीन भेटी बोलण्यातच गेल्या. शेवटी पंपाला स्पेसर, म्हणजे औषध श्वासात नीट जावं म्हणून जोडायची नळी, लावून श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड रोज सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. त्याच वाड्यात एकावर क्षयाचे उपचार चालू होते, म्हणून क्षयाच्या तपासण्याही करून घेतल्या. त्या निर्दोष आल्या.

महिन्याभरात फरक पडायला हवा होता. पडला, पण अर्धाच. दिवसाची धाप थांबली, पहाटेचा खोकला राहिला. पंप घेण्याची पद्धत पुन्हा तपासली, आई चुकत नव्हती. डोस वाढवला, तरी मार्चअखेर मुलगी पुन्हा वाफेसाठी आली.

इथं मला महिना खटकला. कोल्हापुरात दमेकरी मुलांचा त्रास वाढतो तो पाऊस लागला की, किंवा दिवाळीच्या आसपास थंडी आणि फटाक्यांचा धूर एकत्र आले की. फेब्रुवारी-मार्च म्हणजे हवा कोरडी, ऊन चांगलं, कपडे दोन तासांत वाळतात असे दिवस. पहिल्यांदा मनात आला तो उसाचा हंगाम. शेतात पाचट पेटवलं की धूर शहरापर्यंत येतो. पण मग गल्लीतली बाकीची मुलं का खोकत नव्हती? आईला विचारलं, पोरगी कुठं बरी असते? ती लगेच म्हणाली, आजऱ्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडं गेली की पंपाची आठवणसुद्धा राहत नाही. पुढं त्याच वर्षी गौरी-गणपतीला आठ दिवस आजऱ्याला जाऊन आली, तेव्हाही एकही रात्र खराब गेली नाही. आजऱ्याचा पाऊस कोल्हापूरपेक्षा कितीतरी जास्त. गणपतीत तिथं धार तुटत नाही. पावसाळी गावात बरी आणि कोरड्या मार्चमध्ये आजारी, म्हणजे ओल हवेत नव्हती. ती तिच्या उशाशी होती.

घर

गंगावेशीतून शिवाजी पुलाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला एक जुना वाडा आहे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर मातीत रचलेल्या भाजक्या विटांच्या दीड फुटी भिंती, वर पूर्वी कौलं होती, आता पत्रा. पाच भाडेकरू. या कुटुंबाकडं तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या. माणसं पाच : आजी, मुलगा, सून, ही मुलगी आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ. मुलगा 'शिवाजी उद्यमनगर' या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर, सून घरी पिको-फॉल करते. नवऱ्याच्या हयातीपासून आजी इथं राहतात. भाडं महिना 120 रुपये.

मी एप्रिलमध्ये दुपारी गेलो. बाहेर डोळे दिपतील असं ऊन आणि आत गेल्यावर गारवा. आजी कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या घरात पंखा लागत न्हाई उन्हाळ्यात." तो गारवा ओलीचा होता. सोबत हवेतली आर्द्रता मोजायचं एक साधं यंत्र नेलं होतं. अंगणात 30 टक्के. खोलीच्या मधोमध 66. मुलीच्या कॉटच्या उशाकडं, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं तर काही वेळानं 79.

कॉट ओढली. भिंतीला खालून चार फूट गुलाबी ऑइलपेंट, त्यावर जागोजागी फुगे आलेले. एका फुग्यावर बोट दाबलं तर तो फुटला आणि मनगटापर्यंत पाण्याचा ओघळ आला. ऑइलपेंट संपतो तिथून वर पिठासारखा पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारा क्षार, फुटलेला. लोखंडी कपाट सरकवलं तर मागं ताटाएवढे काळे-हिरवे डाग, बुरशीचे. कपाटातल्या वह्यांची पानं लाटा आल्यासारखी वाकडी झालेली. मुलीची वाकळ भिंतीच्या बाजूनं दमट लागत होती, आणि तीच वाकळ ती थंडीत नाकापर्यंत ओढून झोपते.

ओल्या घरात श्वासाला दोन गोष्टी त्रास देतात. एक बुरशी, तिचे बीजकण आणि तुकडे हवेत तरंगतात. दुसरी गादी-उशीतले धूळकिडे. डोळ्यांना न दिसणारे हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून जगतात. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर तग धरत नाहीत. या कॉटवर त्यांना बारमाही सुगी होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, 2018 मध्ये घर आणि आरोग्य या विषयावर आणखी काढल्या. ओलीच्या घरात दमा आणि श्वसनाचे विकार वाढतात, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तरी आपल्याकडं रुग्णाच्या केसपेपरवर घराबद्दल एकही रकाना नसतो. व्यसन विचारतो, घराण्यातले आजार विचारतो. उशाशी कुठली भिंत आहे हे विचारत नाही.

खिडकी होती, पण बंद. मी उघडायला सांगणार, तेवढ्यात सून म्हणाली, "उघडून बघा की." बाहेर हातभर अंतरावर उघडं गटार. वास आणि डास. म्हणून खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून ओल बाहेर पडत नाही, आणि तरीही डास येतात म्हणून रात्रभर कॉइल. एका कॉइलच्या धुरातून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके भरतात, असं मोजून दाखवलेलं आहे. त्यात पहाटे मागच्या पडवीत अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटायचा, लाकडं आणि नारळाच्या करवंट्या घालून. स्वयंपाकाला गॅस आहे, पण अंघोळीच्या पाण्यावर सिलिंडर घालवणं परवडत नाही. बंबाचा धूर घरात शिरायची वेळ आणि मुलीच्या खोकल्याची वेळ जवळपास एकच.

अशा घरात 'खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा' हा आमचा नेहमीचा सल्ला किती पोकळ आहे, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. गटार झाकल्याशिवाय त्या खिडकीला अर्थ नाही.

गवंड्याचं निदान

पेठेतले एक म्हातारे गवंडी आहेत, चुन्यात काम केलेल्या शेवटच्या पिढीतले. त्यांना घेऊन गेलो. त्यांनी ऑइलपेंटवर हातोडीचा दांडा वाजवत आवाज ऐकला, बाहेर जाऊन जोतं पाहिलं, पत्र्याकडं मान वर केली आणि सांगितलं, "हे बघा, भित खालनं पानी पित्या. वरनं तुम्ही शिमिट आन् ऑइलपेंट मारलाय. मग पानी जानार कुटं? वर चढनार."

त्यांच्या बोलण्यातून जी साखळी उलगडली ती अशी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. या खोल्यांत कमरेपेक्षा जास्त पाणी काही दिवस उभं होतं. पूर ओसरल्यावर घरच्यांनी सानुग्रह अनुदानातले पैसे घर नीट करण्यात घातले. दिवाळी दोन महिन्यांवर. भिंतीचा जुना मातीचा गिलावा पडला होता, त्या जागी सिमेंटचा केला. घट्ट, गुळगुळीत, आता पडायचं नाव घेणार नाही असा.

दीड फुटी ओली भिंत वाळायला किती वेळ लागतो? जुन्या बांधकामात इंचाला एक महिना हा ढोबळ ठोकताळा धरतात. म्हणजे 18 महिने, तेही भिंत मोकळी असेल तर आणि मध्ये पावसाळा धरायचा नाही. इथं तर दोनच महिन्यांत सिमेंटनं तोंड बंद केलं होतं. माती आणि चुन्यातून बाष्प बाहेर पडतं, सिमेंट ते अडवतं. भिंत अर्धीमुर्धी वाळायच्या आत 2021 चा जुलै उजाडला आणि पाणी पुन्हा 55 फुटांच्या वर. पुन्हा अनुदान, पुन्हा दुरुस्ती, या वेळी खालच्या चार फुटांवर ऑइलपेंट, 'धुता येतो' म्हणून. पेंटनं उरलेली वाटही बुजवली, तेव्हा पाणी चार फुटांच्या वर चढलं आणि तिथं लोणा फुटला.

त्या माणसांनी पोटाला चिमटा काढून, लेकरांना चांगलं घर मिळावं म्हणून जे केलं, त्यानंच लेकराचा श्वास अडला. हे सांगताना मला जड गेलं. त्यांना कुणी सांगायलाच आलं नव्हतं. पूरग्रस्तांच्या हातात रक्कम पडते. जुनी भिंत कशी वाळवायची, तिच्यावर काय लावायचं आणि काय लावायचं नाही, हे दोन वाक्यांत सांगणारा कागद त्या रकमेसोबत येत नाही. लेप्टो हा पुरानंतरचा ताप येऊ नये म्हणून गोळ्या घरोघर वाटल्या जातात, क्लोरिनचं औषध दिलं जातं, ते योग्यच आहे. पण पूर ओसरल्यावर वर्ष-दोन वर्षांनी सुरू होणाऱ्या आजारांची नोंद पुराच्या खात्यावर पडत नाही.

पुरानं भिजलेली भिंत ओली राहायला आणखी दोन कारणं होती. पत्र्याची पन्हळ मोडली होती, छपराचं सगळं पाणी त्याच भिंतीच्या पायात पडायचं. आणि गल्लीचा रस्ता. दर काही वर्षांनी जुन्यावर नवा थर टाकून टाकून तो इतका उंच झाला होता की जोत्याचे दोन दगड जमिनीखाली गेले होते. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचे, आता उंबऱ्यातून एक पाऊल खाली उतरायचं.

360 रुपये

उपाय साधा होता : आतलं सिमेंट कमरेच्या वरपर्यंत फोडायचं, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवायची, मग चुना-वाळूचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. पन्हळ बदलायची. खर्च 14,000 च्या घरात.

आता हा खर्च कुणी करायचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 14 म्हणतं की जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्यानं केलं नाही तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. या घराचं वर्षाचं भाडं 1,440 रुपये. त्याचा चौथा हिस्सा 360. त्या दरानं 14,000 रुपये वळते व्हायला 39 वर्षं लागतील. मुलगी तोवर सत्तेचाळीस वर्षांची होईल.

मालकाला खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि चूक आहे. ते सत्तरी उलटलेले गृहस्थ. वाड्यात चार भावांच्या वारसांचे हिस्से, दावा कोर्टात. पाच भाडेकरूंचं मिळून महिन्याला येणारं भाडं एका गवंड्याची दिवसाची मजुरी भागवत नाही. कायद्यात दरवर्षी 4 टक्के वाढीची तरतूद आहे, पण इतक्या वर्षांत त्यांनी मागितली नाही आणि यांनी आपणहून दिली नाही. मागितली तर संबंध बिघडतील, आणि दिली तरी त्या रकमेत वाडा दुरुस्त होणार नाही. 'बिल्डर येईल' या आशेवर दोन्ही बाजू थांबलेल्या.

महापालिकेकडं तक्रार करायची सून तयार होती, आजींनी थांबवलं. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते. तक्रार केली आणि आपल्याच दारावर नोटीस लागली तर जायचं कुठं? पंतप्रधान आवास योजनेत स्वतःचं घर बांधायला अनुदान मिळतं, पण त्यासाठी जागा स्वतःच्या नावावर लागते. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला 500 रुपये मिळायचे, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1,000 झाले. ही चांगली योजना आहे. पण ज्या खोलीत आजार पोसला जातो त्या खोलीसाठी, भाडेकरूच्या भिंतीसाठी, सरकारी कागदावर रकानाच नाही.

वाट शेवटी बोलण्यातून निघाली. मी, आजी आणि मालक त्यांच्या ओसरीवर बसलो. मालकांची भीती एकच होती : यांनी खर्च केला तर उद्या हक्क सांगतील. साध्या कागदावर लिहून दिलं की या दुरुस्तीमुळं भाडेकरूचा कोणताही नवा हक्क निर्माण होत नाही आणि मालकाची दुरुस्तीला संमती आहे. दोघांच्या सह्या झाल्या. तेवढं झाल्यावर मालक स्वतःहून म्हणाले, "पन्हळीचं माझ्याकडं लागलं." बाकी रक्कम आजींच्या भिशीतून आणि मुलानं कारखान्यात घेतलेल्या उचलीतून उभी राहिली. डिसेंबरात गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी दोन रविवारांत सिमेंट फोडलं आणि राडारोडा वाहून नेला, एक रुपया घेतला नाही. त्या दोन दिवसांत मुलांना आजऱ्याला पाठवलं होतं, कारण बुरशीची भिंत फोडताना उडणारी धूळ दमेकऱ्याला फार वाईट.

काय झालं, काय नाही

भिंत मे महिन्यापर्यंत उघडी राहिली. पाहुणे काय म्हणतील म्हणून आजी कासावीस व्हायच्या. विटा उघड्या पडलेलं घर म्हणजे दारिद्र्याचं प्रदर्शन. मे 2024 मध्ये चुन्याचा गिलावा झाला. जुलैत पंचगंगेनं 43 फुटांची पातळी ओलांडली, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि तिथूनच मागं गेलं.

मधल्या काळात बाकीचंही केलं होतं. कॉट भिंतीपासून हातभर लांब आणि खोलीच्या दुसऱ्या बाजूला. कॉइलऐवजी मच्छरदाणी. वाकळ दर आठवड्याला उन्हात. बंब पडवीतून उचलून अंगणाच्या पार टोकाला. त्याला आजींचा विरोध होता, पाणी वाहून आणायला लागतं म्हणून. ते काम मुलानं अंगावर घेतलं.

सून रात्रीच्या खोकल्याची नोंद कॅलेंडरवर फुली मारून ठेवायची. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चचं कॅलेंडर नव्हतं, पण आठवड्यात चार-पाच रात्री खराब जायच्या यावर घरात दुमत नाही. 2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन महिन्यांत मिळून सहा फुल्या होत्या. अँटिबायोटिकचा कोर्स वर्षभरात एकही नाही. पंपाचा डोस निम्म्यावर आणला आहे, बंद केलेला नाही. दमा गेलेला नाही, आटोक्यात आला आहे. आईवडिलांना हे पुनःपुन्हा सांगावं लागतं, कारण बरं वाटलं की पंप आधी बंद होतो.

यातला किती फरक भिंतीमुळं, किती मच्छरदाणीमुळं, किती बंब हलवल्यामुळं आणि किती वय दोन वर्षांनी वाढल्यामुळं, हे एका घरावरून वेगळं काढता येणार नाही. सगळं जवळपास एकाच वेळी बदललं. दुरुस्तीनंतर उशाच्या जागी आर्द्रता मार्चमध्ये 48 टक्के भरली, इतकं मोजलेलं आहे.

आजींना फायदा झाला नाही. चाळीस-पन्नास वर्षं चूल आणि बंब फुंकून त्यांच्या फुप्फुसाची जी हानी झाली आहे ती भरून येणारी नाही. जिना चढताना त्या अजून थांबतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण घर सुधारायचा सगळा भार त्यांनी उचलला. शेजारच्या खोल्यांतल्या भिंती तशाच आहेत. एका घरानं यांचं बघून सिमेंट फोडायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या बाजूच्या वारसानं संमतीपत्रावर सही दिली नाही.

गटार अजून उघडं आहे. पाच भाडेकरू आणि मालक अशा सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसला दिला, त्याला माझं वैद्यकीय पत्र जोडलं. त्या पत्रात मुलीच्या आजाराचं नाव, आर्द्रतेचे आकडे आणि 'खिडकी उघडता येणं हा उपचाराचा भाग आहे' असं लिहिलं आहे. एकदा माणूस येऊन मापं घेऊन गेला. या प्रकरणापासून मी अशा प्रत्येक रुग्णाच्या कागदावर घराची माहिती लिहितो : झोपायची जागा कुठं, भिंतीला काय लावलंय, पुराचं पाणी किती चढलं होतं, खिडकी उघडते का आणि बंब कुठं पेटतो. स्वयंपाकघराची भिंत राहिली आहे, ती भिशीचा नंबर लागला की या डिसेंबरात फोडायची आहे. गवंड्यांना सांगून ठेवलंय.